मारिसेलच्या केसांतली फणी

मी फणी बोलतेय. भिलाईच्या पावर हाऊस बाजारात ढिगानं पडलेली असते ती प्लास्टिकची फणी नव्हे. मी बांबूची आहे, एकाच कांडातून अखंड कोरलेली. माझ्या कपाळावर जी बारीक नक्षी दिसते ती सुरीच्या टोकानं काढलेली आहे. ही बढाई वाटत असेल तर वाटू दे. मी जे पाहिलंय ते पाहून कुणीही थोडी बढाई मारलीच असती.

माझा मुक्काम सध्या भिलाईत, स्मृति नगरात, आनंदरावांच्या घरी आहे. आरशाशेजारच्या खिळ्याला मी टांगलेली असते. माझा एक दात पडलाय. तो म्हातारपणानं पडलेला नाही, लग्नात पडलाय, आणि त्याचा मला अभिमान आहे. तो कसा पडला ते यथावकाश सांगेन.

माझा जन्म फार लांबचा. फिलिपाईन्स नावाचा बेटांचा देश आहे, तिथल्या पिनाटुबो डोंगराच्या उतारावर आएता लोकांची वस्ती आहे. ठेंगणी, काळी, दाट कुरळ्या केसांची माणसं. धनुष्य, बाण आणि कोयता एवढीच त्यांची खरी मालमत्ता. त्यांच्यातल्या एका तरुणाला एक मुलगी आवडली, पण तोंडानं सांगायचा धीर होईना. मग त्यानं चांगला पिकलेला बांबू तोडला, वाळवला आणि मला कोरायला घेतलं. मी तयार झाले तेव्हा तो मला तिच्या हातात देऊन पळाला. तिनं मला केसांत खोचलं. तेवढ्यावर सगळ्या वस्तीला कळायचं ते कळलं.

त्यांचं लग्न मी तिच्या डोक्यावरून पाहिलं. आमच्या टेकडीवर मुलाकडची माणसं मुलीच्या घरी मानाच्या वस्तू घेऊन येतात. कोयता, धनुष्य, कापड, असं काहीबाही. मुलीचा बाप त्यातलं स्वतःजवळ फारसं ठेवत नाही. ज्या मामानं तिला खांद्यावर खेळवलं त्याला एक वस्तू, ज्या मावशीनं तापात उशाशी बसून रात्री काढल्या तिला एक, असं वाटून टाकतो. आणि ज्याच्या घरात ती वस्तू गेली तो त्या मुलीचा जन्मभराचा पाठीराखा. उद्या तिला सासरी कुणी दुखवलं, तर विचारायला जाणं त्याच्यावर आलं.

आणखी एक गंमत. सासरी निघालेली आमची नवरी वाटेत बसते. ओढा आला की बसते, चढण आली की बसते. सासरा पुढे येतो, काहीतरी तिच्या हातात ठेवतो, मग ती उठते. याला रुसवा म्हणू नका. मला कुणी ओढून नेत नाही, मी मानानं चालले आहे, हे चार लोकांनी थांबून पाहावं एवढाच त्याचा अर्थ. माझी मालकीण तर हटून बसायची. एका धनुष्यासाठी तिनं सासऱ्याला चांगलाच घाम फोडला होता.

पुढं आमचा डोंगरच फुटला. दिवसाढवळ्या अंधार झाला, ओली राख चिखलासारखी पडायला लागली. माझी मालकीण केसांत मला खोचून आणि कडेवर धाकटं मूल घेऊन खाली पळाली. थोरला डोमिंगो तिचं बोट धरून होता. झोपडी गेली, धनुष्य गेलं, नवराही त्यात गेला. राहिले ते पोरं आणि मी. सपाटीवरच्या लोकांच्या गावाबाहेर त्यांना जागा मिळाली. तिथली माणसं यांच्या काळ्या रंगाला हसायची आणि कुरळ्या केसांची नक्कल करायची. ते सगळं मी अगदी जवळून ऐकलंय, केसांतच होते ना.

त्या डोमिंगोची मुलगी मारिसेल. शिकली, नर्स झाली, दोहाच्या एका इस्पितळात लागली. निघताना आजीनं, म्हणजे माझ्या मालकिणीनं, मला तिच्या केसांत खोचलं आणि सांगितलं, "हिला पेटीत ठेवू नकोस. हिला माणसं बघायची सवय आहे."

दोहात तिला आमचा, म्हणजे आनंदरावांचा, अमरदीप भेटला. क्रेनवर काम करायचा, बोट चेमटलं म्हणून मलमपट्टीला आला आणि बोट बरं झालं तरी येतच राहिला. त्यानं तिला पहिला प्रश्न माझ्याबद्दल विचारला. तेव्हाच मी त्याला पास केलं.

भिलाईत खबर आली की आनंदरावांच्या अमरदीपनं विदेशी मुलगी पसंत केली. लेनमधल्या बायकांनी मनातल्या मनात गोरी मेम उभी केली. स्टेशनवर उतरली ती आनंदरावांपेक्षा काळी, त्यांच्या खांद्याला लागणारी, दाट कुरळ्या केसांची मारिसेल. बायकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. अमरदीपची आई भागीरथा मात्र पुढं आली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाप्पा, हे तं आपल्याच घरची दिसते." मारिसेलला शब्द कळला नाही, हात कळला.

लग्नासाठी डोमिंगोही आला होता. जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेला. विमानात कमरेला कोयता लावू देत नाहीत आणि तो पेटीत टाकता येतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं त्याचा कमरेचा पट्टा रिकामा होता. तरी बोलता बोलता त्याचा हात कमरेशी जायचा, काही लागलं नाही की परत यायचा. हे आनंदरावांनी पहिल्याच दिवशी हेरलं. माणूस स्टील प्लांटच्या फोर्ज शॉपमधून रिटायर झालेला. तापल्या लोखंडावर आयुष्य गेलेल्या माणसाला लोखंडाची सवय असलेला हात बरोबर ओळखू येतो.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण जमलं छान. सकाळी दोघं कूलरसमोर बसून चहा प्यायचे आणि बागेतल्या आंब्याकडे बघत आपापल्या भाषेत बोलायचे. आणि मग तो दिवस आला. डोमिंगोनं कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "माझ्या मुलीसाठी तुम्ही काय आणणार?"

मारिसेलनं त्याचं इंग्रजी केलं आणि अमरदीपनं मराठी. दोघांचाही आवाज शेवटी शेवटी बारीक झाला.

आनंदराव ताठ बसले. "म्हणजे? देणंघेणं? अमरदीप, आपल्या घरचं तू यायले सांगतलं नाही का?"

"सांगतलं बाबा. पण त्यांच्याकडे उलटं असते. पोराकडचे देतात."

"उलटं असो का सुलटं. लेकरावर किंमत लावाची ते लावाचीच. इकडून लावली काय अन् तिकडून लावली काय, माह्या दारात ते चालत नाही."

आनंदरावांचा हा राग कुठून आला ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना उगाच हेकट समजाल. त्यांची थोरली बहीण वच्छला. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावात तिचं लग्न ठरलं होतं. वरात दारात आली आणि मुलाच्या बापानं सायकल मागितली. सायकल नव्हती. वरात तशीच परत गेली. हळद लागलेली वच्छला दारात उभी राहून धूळ बघत राहिली. तिनं पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. आनंदराव तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयाचे होते. भिलाईत नोकरी लागल्यावर त्यांनी बहिणीला इकडं आणलं आणि विहारात उभं राहून शपथ घेतली, की ज्या लग्नात वस्तू इकडची तिकडं हलेल त्या लग्नात मी बसणार नाही.

ही शपथ त्यांनी पाळली. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मांडवात फ्रीज दिसला तर ताटावरून उठून आले. लोक पत्रिका द्यायला यायचे तेव्हा आधी घाबरत विचारायचे, "दादा, बसाल ना?" आणि ते प्रत्येक ठिकाणी सायकलीची गोष्ट सांगायचे. त्यामुळं भिलाईतल्या आपल्या लोकांत ती गोष्ट पोराटोरांना पाठ होती. वच्छलाआत्या मात्र ती गोष्ट निघाली की स्वयंपाकघरात निघून जायच्या.

डोमिंगोला नकार कळला. तो चिडला नाही. मारिसेलकडे वळून आपल्या भाषेत हळू आवाजात म्हणाला, "सपाटीवरचे लोक आमच्या मुली नेतात आणि काही देत नाहीत. काढलेल्या रानभाजीसारख्या नेतात. पोरी, ज्या मुलीसाठी कुणाच्या घरी काही आलं नाही, तिला उद्या काही झालं तर विचारायला कुणी जायचं? मी तिकडं. समुद्र एवढा मोठा."

"पप्पा क्या बोले?" अमरदीपच्या धाकट्या बहिणीनं, प्रेरणानं विचारलं.

"ते थकलेत," दोहात शिकलेल्या मोडक्या हिंदीत मारिसेल म्हणाली.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. तिला लाज वाटली. बापाची नव्हे, आपल्या माणसांवर जे गुदरलं होतं त्याची. रात्री उशीवर डोकं टेकताना तिनं मला काढलं नाही. मी तिच्या डोक्याला टोचत होते आणि ती टोचू देत होती.

पुढच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलं. आनंदराव मात्र सकाळी लुना काढायचे आणि दुपारी उगवायचे. नखं काळी, शर्टावर ठिणग्यांची भोकं.

"लग्नघर हाये," भागीरथाबाई वैतागायच्या, "अन् तुमी कोठी भटकून राहिले?"

"काम हाये."

"कोनतं काम? रिटायर झाले ना तुमी?"

यावर ते हात धुवायला निघून जायचे.

लग्नाच्या सकाळी प्रेरणा मारिसेलचे केस करायला बसली. पांढरी साडी, निळी किनार. मोगऱ्याचा गजरा आणलेला. प्रेरणानं मला हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "भाभी, ये निकाल दूँ क्या? गजरे के साथ मॅच नहीं हो रहा."

मी दात आवळले. पण वच्छलाआत्या खाटेवरून म्हणाल्या, "राहू दे वं ते. माहेराहून आणलेलं एकच तं दिसते तिच्या अंगावर." प्रेरणाला लहानाची मोठी केली ती आत्यानंच, तेव्हा तिचा शब्द मोडायची पोरीची टाप नव्हती. गजरा माझ्या भोवती गुंडाळला गेला. मोगऱ्याशी माझं तसं बरं जमलं.

मारिसेल आणि डोमिंगोला शेजारच्या घरी उतरवलं होतं. तिथून विहार दोन लेन पलीकडे. मुलीकडची वरात म्हणायची तर डोमिंगो एकटा, बाकी सगळे अमरदीपचेच नातलग. ऊन रणरणत होतं. बँडवाले पुढं, मुलं मध्ये, आणि डोमिंगो मुलीशेजारून खाली मान घालून चाललेला. त्याचा हात कमरेशी गेला आणि रिकामा परत आला. मारिसेलनं ते पाहिलं.

गुलमोहराच्या झाडाखाली ती थांबली. आणि पांढऱ्या साडीसकट रस्त्यावर बसली.

तिनं हे ठरवलं नव्हतं, मी शपथेवर सांगते. माझ्याखालच्या डोक्यात असा काही बेत शिजत असता तर मला कळला असता. तिच्या पायांनीच ते केलं. पण एकदा बसल्यावर तिची पाठ अशी ताठ झाली की मला तिची आजी आठवली.

बँड थांबला. एकच गोंधळ उडाला.

"लू लागली, लू. ऊन बाधलं."

"कांदा आणा. नाकाशी लावा कांदा."

"ग्लुकोज हाये का कोनाकडं?"

कुणी तिच्या डोक्यावर पाणी ओतायला धावलं, त्याला अमरदीपनं अडवलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग तो उठून म्हणाला, "तिले काही झालं नाही. त्यांच्यात नवरी अशी बसते. सासरच्या कुणी काही देल्लं का उठते."

सगळ्यांच्या माना आनंदरावांकडे वळल्या. त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. "उठव तिले," ते म्हणाले. "सांगतलं व्हतं मी."

तेवढ्यात भागीरथाबाई पुढं झाल्या आणि आपली काळी छत्री उघडून मारिसेलच्या हातात दिली.

"हे काय करून राहिली?" आनंदराव म्हणाले.

"उन्हात बसली हाये पोरगी, छत्री देऊन राहिली. का हे बी देणंघेणं होते?"

मारिसेल उठली. तिनं छत्री बापाच्या हातात दिली. डोमिंगोनं ती डोक्यावर धरली, आणि त्या चहाच्या दिवसानंतर पहिल्यांदा त्याची मान वर झाली. बँड पुन्हा सुरू झाला. मला वाटलं, जिंकलो. पण छत्री सासूनं दिली होती. सासऱ्याचं राहिलंच होतं.

विहाराच्या पहिल्या पायरीशी मारिसेल पुन्हा बसली.

आत भंतेजी वाट बघत होते. मेणबत्त्या लागल्या होत्या. दारातून तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो दिसत होता. आणि पायरीवर नवरी बसलेली. आता कुणी कांदा मागितला नाही. भिलाईतल्या ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या मांडवातून उठून यायचं काम केलं, त्याच्याच सुनेनं त्याला विहाराच्या दारात गाठलं होतं.

"मारिसेल," आनंदराव म्हणाले. आवाजात राग कमी आणि विनवणी जास्त होती. "बेटा, कावून? मी तुले पोरगी मानतो. पोरीचं मोल करत नसतात."

प्रेरणानं त्याचं इंग्रजी केलं तेव्हा मारिसेलनं मान वर केली. आणि त्या दिवशी चहाच्या वेळी तिनं जे गिळून टाकलं होतं, ते आता बोलली. इंग्रजीत बोलली, प्रेरणा तिच्याशेजारी बसून मराठीत सांगत गेली. सपाटीवरचे लोक कसे मुली नेतात. आलेली वस्तू बाप कशी वाटून टाकतो. वस्तू ज्याच्या घरी, तो पाठीराखा कसा होतो. शेवटचं सांगताना प्रेरणाच्याच डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, भाभी म्हनते... मोल नाही पायजे. उद्या मले काही झालं तर विचारणारं कोणीतरी पायजे. हे वस्तू म्हंजे तो माणूस हाये."

आनंदराव हलले नाहीत. त्यांच्या आत काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं, पण त्यांचे हात दिसत होते. एकमेकांत घट्ट गुंफलेले.

मग गर्दीतून वच्छलाआत्या पुढं आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या पायरीवर मारिसेलच्या शेजारीच बसल्या. दोघी आता वाट अडवून होत्या.

"आनंदा," त्या म्हणाल्या. "मायच्या लग्नात बानं देज देल्ला व्हता. ठाऊक हाये तुले?"

"कोनी सांगतलं?"

"मायनंच. बाचा बाप लुगडं अन् जवारी घेऊन मायच्या दारात आल्ता. तवा आपल्या लोकात पोराकडचेच देत. मायच्या बापाची मान कधी खाली गेली नाही. बानं मायले जन्मात म्हटलं नाही का तुनं काय आनलं. हुंडा तं मांगून आला, दुसऱ्याचं पाहून पाहून." त्यांनी दुखरा गुडघा चोळला. "माह्यासाठी तू शपथ घेतली. लई मोठं काम केलं. पण माह्या दारातून वरात गेली थे पोरीच्या बापापासून मांगनाऱ्याची व्हती. इथं पोरीचा बाप मान मांगून राहिला. हे दोन्ही तू एकाच टोपलीत कावून टाकतो?"

आनंदरावांनी बहिणीकडं पाहिलं. तिनं त्या सायकलीबद्दल इतक्या वर्षांत एक अक्षर काढलं नव्हतं, आणि आज सगळ्या गावासमोर काढलं होतं. ते गर्रकन वळले, गर्दीतून वाट काढत गेले, लुनाला किक मारली आणि निघून गेले.

"गेले," कुणीतरी म्हणालं. "उठून गेले आपल्याच पोराच्या लग्नातून."

भागीरथाबाईंनी पदर तोंडाला लावला. अमरदीप रस्त्याकडे बघत उभा राहिला. डोमिंगोनं छत्री मिटली. मारिसेलचं डोकं खाली जायला लागलं आणि मी तिच्या केसांतून घसरायला लागले. वच्छलाआत्यांनी बोटानं मला परत आत ढकललं. "बस," त्या म्हणाल्या. "उठू नको. मी ओयखतो त्याले."

नंतर लुनाचा आवाज आला.

आनंदराव उतरले. त्यांच्या हातात पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. ते सरळ पायरीशी आले, पंचा सोडला आणि मारिसेलच्या मांडीवर कोयता ठेवला. ट्रकच्या कमानीच्या पट्ट्याचा, जाड पाठीचा, टोकाशी किंचित रुंद. सागवानी मूठ. भिलाई-तीन वस्तीच्या रेल्वे फाटकाजवळ एका लोहाराच्या भट्टीवर त्यांनी तो स्वतःच्या हातानं घडवला होता. काळ्या नखांचं आणि शर्टाच्या भोकांचं कोडं तिथं सुटलं.

"हे मी पहिल्या दिवशीच धरलं व्हतं," ते अडखळत म्हणाले. "यायचा हात कमरेले जाते ते पाहून. लग्न झाल्यावर देणार व्हतो. दोस्त म्हणून. लग्नात देल्लं तं देणंघेणं होईन म्हणून लपवून ठेवलं." मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता लग्नातच देतो. पोरीच्या बापाचा मान म्हणून देतो. कोनाले उठून जाचं असन तं जा."

कुणी उठून गेलं नाही.

मारिसेल उठली. कोयता दोन्ही हातांवर घेऊन तिनं बापाला दिला. डोमिंगोनं धार अंगठ्यानं चाचपली, पाठीवर नखानं टकटक केलं, कानाशी नेऊन आवाज ऐकला. लोखंडाच्या माणसानं दुसऱ्या लोखंडाच्या माणसाची पारख केली. मग त्यानं तो कमरेच्या रिकाम्या पट्ट्यात खोचला. हात कमरेशी नेला. या वेळी हात तिथंच राहिला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता.

आत त्रिशरण-पंचशील झालं, वचनं झाली, फुलं पडली. नंतर डोमिंगोनं आमच्या टेकडीवरचा शेवटचा भाग मागितला. मारिसेलनं भाताचा घास अमरदीपच्या तोंडात दिला, अमरदीपनं तिच्या. मग दोन्ही बापांनी पोरांची डोकी धरून एकमेकांवर हळूच टेकवायची असतात. डोमिंगोनं हळूच टेकवलं. आनंदरावांना फोर्ज शॉपची सवय. ठण्णकन आवाज झाला, अमरदीपचं कपाळ माझ्यावर आदळलं आणि माझा एक दात तुटून त्याच्या भुवईत रुतला. विहार हसून हसून लोटपोट झाला. भंतेजीही हसले. आता कळलं, मी या दाताचा अभिमान का बाळगते?

डोमिंगो तो कोयता सामानात घालून घेऊन गेला. तिकडं तो त्यानं मारिसेलच्या मामाला दिला, जो आजही तिला फोन करून पहिला प्रश्न विचारतो, "बरी आहेस ना? कुणी काही बोलत नाही ना?" छत्री मावशीला मिळाली. ती उन्हातान्हात मिरवते असं ऐकते.

मारिसेल आता इथंच एका इस्पितळात नर्स आहे. मराठी शिकली, तीही लेनमधल्या बायकांकडून, त्यामुळं "कावून" आणि "करून राहिली" तिच्या तोंडात चपखल बसलंय. आनंदराव लग्नांतून उठून जात नाहीत. मात्र त्यांनी एक अट घातलीय. मुलाकडून जे यायचं ते मुलीच्या माणसांना यायचं, आणि ते हातानं केलेलं किंवा रोजच्या वापरातलं हवं. दुकानातून आणलेलं दिसलं की त्यांची शीर उडते. लोक हसतात, पण करतात. गेल्या उन्हाळ्यात दोन नवऱ्या विहाराच्या पायरीवर बसल्या. दोघींच्या केसांत मीच होते.

आणि मग आमच्या प्रेरणाचं लग्न निघालं. मुलाचा बाप नागसेन, भिलाई-तीनला रेल्वेत नोकरीला. आता आनंदराव मुलीचे बाप. देणं सोपं होतं त्यांना, घेणं अवघड. आयुष्यात कुणाचं काही घेतलं नव्हतं. सकाळपासून ते हात पाठीमागं बांधून फिरत होते.

प्रेरणा पायरीवर बसली. मी तिच्या केसांत, एक दात कमी असलेली, पण ताठ. नागसेन गर्दीतून पुढं आले. ते चालत आले नाहीत, सायकल हातात धरून आले. त्यांची स्वतःची, वर्षानुवर्षं ड्यूटीवर नेलेली, घासूनपुसून लखलखीत केलेली. हँडलला निळी रिबीन बांधलेली.

सायकलीची गोष्ट भिलाईत सगळ्यांना पाठ होती, हे मी मघाशी सांगितलंच.

"दादा," नागसेन म्हणाले, "पोराकडून पोरीच्या घरी. घ्या."

आनंदरावांचे हात पाठीमागून सुटले, पण पुढं येईनात. मारिसेलनं फोन समोर धरला होता. पलीकडून डोमिंगो ओरडत होता. मारिसेल सोडली तर त्याचं कुणाला कळत नव्हतं, पण मला कळत होतं. तो म्हणत होता, "घे, मित्रा. आणि वाटून टाक."

आनंदरावांनी सायकल घेतली. हँडल धरून ती फिरवली, गर्दी आपोआप दुभंगली, आणि ते तिला घेऊन वच्छलाआत्यांसमोर गेले. प्रेरणाला वाढवलं कुणी, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. स्टँडवर उभी करून ते बाजूला झाले.

वच्छलाआत्यांनी सीटवर हात ठेवला. मग हँडलवर. मग त्यांनी घंटी वाजवली. एकदा, आणि मग पुन्हा, आणि मग थांबायचं नावच नाही. रडत होत्या आणि वाजवत होत्या. बँडवाल्यांनी त्या तालावर वाजवायला सुरुवात केली, आणि प्रेरणा पायरीवरून उठली.

तर अशी मी. नक्षी थोडी पुसट झालीय, एक दात नाही, तेल पिऊन रंग काळा पडलाय. मला कुणी काचेच्या कपाटात ठेवायचं म्हणेल तर ठेवू देऊ नका. तुमच्या घरी लग्न असेल तर निरोप पाठवा, मारिसेल मला आणून देईल. नवरी वाटेत बसली तर घाबरू नका आणि घाईही करू नका. तिच्यासाठी थांबा.

आणि सकाळच्या वेळी आमच्या लेनमधून येणार असाल तर कडेनं चाला. वच्छलाआत्या सायकल शिकताहेत. आनंदराव मागून सीट धरून चालतात, पण आत्या ब्रेकपेक्षा घंटीच जास्त वापरतात.